पाचारण तिचं, शिक्का कुणाचा?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये 'एल्डर'ला 'वडील' म्हणतात. बायबलच्या मराठी भाषांतरातून हा शब्द आला आणि रुळला. खरं तर आपल्या भाषेत वडील हा शब्द बापापुरता नाही. वडील बहीण असते, घरातली वडीलधारी बाई असते, तिच्या शब्दाला मान असतो. पण हाच शब्द सभेत, हजेरीपटावर, सहीच्या जागी आला की आपोआप पुरुषाचा होतो. भाषेनं बाईला ठेवलेली जागा संस्थेनं काढून घेतली.

प्रेसबिटेरियन पंथाचं तर नावच या शब्दावरून पडलं आहे. ग्रीक भाषेत 'प्रेसबिटेरॉस' म्हणजे वडील. सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी चर्चव्यवस्था उभी केली, तिनं पुढे बिशपच नाकारला. एका माणसाच्या हाती सत्ता नको, सभेच्या हाती असावी, हे तिचं सूत्र. गावच्या मंडळीची वडीलसभा, तिच्यावर आसपासच्या मंडळ्यांची मिळून 'प्रेसबिटरी', तिच्यावर 'सिनड' आणि सर्वांत वर महासभा. प्रेसबिटरीत पाळक असतात आणि मंडळ्यांनी पाठवलेले वडीलही असतात. दोघांना मत. आपल्याकडच्या ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या उतरंडीची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. राजेशाहीच्या काळात सामान्य वाण्या-शेतकऱ्याला पाळकाच्या बरोबरीनं मत देणारी व्यवस्था ही लहान गोष्ट नव्हती. ते श्रेय द्यायलाच हवं. फक्त त्या सामान्य माणसांत बायका धरलेल्या नव्हत्या, आणि जवळजवळ चारशे वर्षं कुणाला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

या लेखात मला बोलायचं आहे ते मधल्या पायरीबद्दल. प्रेसबिटरी आणि सिनड. महासभेचे अध्यक्ष वर्तमानपत्रांत येतात, गावचा पाळक लोकांच्या घरात येतो. मधल्या पायरीवरची माणसं कुणाला दिसत नाहीत. आणि बाईच्या बाबतीत बहुतेक सगळे निर्णय होतात, किंवा अडतात, ते तिथेच.

कारण 'पाचारण'. देवानं एखाद्याला सेवेसाठी बोलावणं याला ख्रिस्ती मराठीत हा शब्द आहे. आपण तो एरवीही वापरतो. पोलिसांना पाचारण केलं, तज्ज्ञांना पाचारण केलं. म्हणजे पाचारण मनातल्या मनात होत नाही. बोलावणारा लागतो आणि बोलावल्याची नोंद लागते. प्रेसबिटेरियन व्यवस्थेत तर हे फारच स्पष्ट आहे. देवानं मला बोलावलं आहे असं कुणी म्हणालं की प्रेसबिटरी त्याला बसवून घेते, प्रश्न विचारते, शिक्षण तपासते, मंडळीचं बोलावणं आलं आहे का ते पाहते, मग मतदान करते आणि शेवटी सभासद त्याच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात. आतला आवाज आणि बाहेरचा शिक्का, दोन्ही जुळले तरच पाचारण खरं. मला ही पद्धत वाईट वाटत नाही. स्वतःच्या आतल्या आवाजावर बाबा-महाराज झालेले आपण कमी पाहिलेले नाहीत. प्रश्न एवढाच, की शिक्का मारणाऱ्यांच्या रांगेत कोण बसलं आहे.

लुइसा वूझली या बाईची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. जन्म १८६२, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या शेतकरी भागात. लहानपणापासून उपदेश करावा असं तिला वाटे. बाईला ते शक्य नाही हे ठाऊक असल्यामुळे पाळक होईल असा नवरा मिळावा, म्हणजे त्याच्याआडून आपलं काम होईल, अशी तिची आशा होती. नवरा शेतकरी निघाला आणि शेतकरीच राहिला. मग तिनं बायबल पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि जिथे जिथे बाईचा उल्लेख येईल तिथे खूण करत गेली. १८८७ साली तिनं मंडळीपुढे पहिला उपदेश केला. लोक ऐकायला येऊ लागले. नोव्हेंबर १८८९ मध्ये कंबरलंड प्रेसबिटेरियन चर्चच्या नोलिन प्रेसबिटरीनं तिला रीतसर पाळकपदाची दीक्षा दिली. कुठल्याही प्रेसबिटेरियन पंथात दीक्षा मिळालेली ती पहिली बाई.

पुढच्याच वर्षी केंटकी सिनडनं, म्हणजे वरच्या पायरीनं, ही दीक्षा बेकायदा ठरवली. नोलिन प्रेसबिटरीनं तिचं नाव काढायला नकार दिला. आसपासच्या खेड्यांतले पाळक आणि शेतकरी वडीलच ते, पण त्यांनी तिला ऐकलं होतं, ओळखलं होतं. लुइसानं १८९१ साली बाईनं उपदेश करावा की नाही या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. बायबल वाचताना केलेल्या खुणा तिथे कामी आल्या. १८९४ च्या महासभेनंही सिनडचीच बाजू उचलून धरली. तिचं काम मात्र थांबलं नाही. तिच्या चर्चनं बायकांना पाळकपद अधिकृतपणे खुलं केलं ते १९२१ साली. दीक्षेनंतर बत्तीस वर्षांनी!

मला तिच्या आयुष्यातला सगळ्यांत बोलका भाग वाटतो तो यापुढचा. ती लीचफिल्ड प्रेसबिटरीची मुख्य चिटणीस झाली आणि बरीच वर्षं ते काम तिनं पाहिलं. मुख्य चिटणीस म्हणजे इतिवृत्त लिहिणं, पट सांभाळणं, कुणाची नोंद कायदेशीर आणि कुणाची नाही हे नियमावर बोट ठेवून सांगणं. जिचं नाव पटावरून खोडायचा हुकूम निघाला होता, तिच्याच हाती पट आला. तिच्या उपदेशांवर लिहिलेलं पुष्कळ सापडतं, या चिटणीसपणाचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकतात. आपल्याही चळवळीत असंच होतं. मोर्च्यापुढे घोषणा देणारीचा फोटो निघतो. ट्रस्टच्या नोंदणीसाठी आठ हेलपाटे घालणारी कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्कॉटलंडमध्ये मधली पायरी आणखी पक्की आहे. १६९७ सालचा तिथला एक नियम, 'बॅरियर अॅक्ट', सांगतो की चर्चच्या रचनेत मोठा बदल करायचा तर महासभेनं तो आधी सगळ्या प्रेसबिटऱ्यांकडे पाठवायचा आणि बहुसंख्य प्रेसबिटऱ्यांची संमती मिळाल्यावरच कायम करायचा. घाईनं कुणी काही लादू नये यासाठी केलेला हा बांध. बायकांना त्याच बांधावर थांबावं लागलं. मेरी लस्क, पुढे मेरी लेविसन, ही उच्चशिक्षित डीकनेस. धर्मशास्त्र शिकलेली, विद्यापीठात धर्मसेवेचं काम करणारी. १९६३ साली ती महासभेपुढे उभी राहिली आणि माझं पाचारण तपासून पाहा अशी मागणी तिनं केली. 'बायकांना हक्क द्या' असं ती म्हणाली नाही. 'माझी परीक्षा घ्या, ती घ्यायचीच नाही असं कसं म्हणता?' एवढाच तिच्या मागणीचा मथितार्थ. मला यात मोठं शहाणपण दिसतं. तिनं त्यांचीच पद्धत त्यांच्यापुढे ठेवली. १९६६ साली बायकांना वडीलपद मिळालं, १९६८ साली पाळकपद खुलं झालं. १९६९ साली अॅबरडीन प्रेसबिटरीनं कॅथरीन मकॉनकी हिला पहिली दीक्षा दिली. ज्या मेरीनं दार ठोठावलं, तिची स्वतःची दीक्षा झाली १९७८ मध्ये. महासभेच्या अध्यक्षपदी पहिली बाई यायला २००४ साल उजाडलं. अॅलिसन एलियट. आणि ती पाळक नव्हती, वडील होती.

अमेरिकेतल्या मोठ्या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये तर पैशाचा प्रश्न उघडाच होता. १८७० नंतर तिथल्या बायकांनी आपल्या स्वतंत्र मिशन संस्था काढल्या. पै-पैसा जमवला, हिशेब ठेवले, परदेशी शाळा आणि दवाखाने चालवायला एकट्या बायकांना पाठवलं. १९२३ साली चर्चच्या फेररचनेत या संस्था पुरुषांच्या मंडळांत विलीन करून टाकल्या. बायकांना विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. मग कॅथरीन बेनेट आणि मार्गारेट हॉज या दोघींनी १९२७ साली चर्चमधल्या बायकांच्या अस्वस्थतेची कारणं मांडणारा अहवाल लिहिला. अहवालाचा स्वर सौम्य आहे, पण म्हणणं धारदार. आमचा पैसा चालतो, आमचं मत का चालत नाही? त्यानंतर वडीलपद आणि पाळकपद असे प्रस्ताव प्रेसबिटऱ्यांकडे मतासाठी गेले. १९३० साली त्यांनी वडीलपद मान्य केलं, पाळकपद फेटाळलं. पाळकपदासाठी आणखी सव्वीस वर्षं गेली. २४ ऑक्टोबर १९५६ रोजी मार्गारेट टाउनरला दीक्षा मिळाली, आणि सुरुवातीला तिच्या वाट्याला काम आलं ते धर्मशिक्षणाचं. पहिली बाई पाळक झाली, पण मुलं सांभाळायला.

आता हे सगळं दूरच्या देशातलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण तो पैसा आपल्या अंगणात आला होता. कोल्हापूर, पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज हा अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचा टापू. मिरजेचं १८९४ साली उघडलेलं वानलेस हॉस्पिटल, कोल्हापूरचं मेरी वानलेस हॉस्पिटल, तिथलीच ईस्थर पॅटन यांच्या नावाची शाळा. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली पहिली शिकलेली बाई, पहिली नर्स या संस्थांमधून निघाली. त्याच्याही आधी मुंबईत स्कॉटिश मिशनचं काम होतं. जॉन विल्सन १८२९ साली आले. त्यांची बायको मार्गारेट हिनं लगेच मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ साली ती इथेच वारली. विल्सन पुढे १८७० साली फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष झाले. गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. मार्गारेटला कुठल्या प्रेसबिटरीत बसायची जागाच नव्हती, त्यामुळे तिच्या कामाची अधिकृत ओळख 'मिशनऱ्याची पत्नी'.

मिझोराममधली गोष्ट मला याहून जिव्हाळ्याची वाटते. १९१० साली तिथल्या ख्रिस्ती बायकांनी रोज शिजवायला घेतलेल्या तांदळातून एक मूठ चर्चसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. घरोघरच्या या मुठीतून आज तिथल्या प्रेसबिटेरियन सिनडला वर्षाला कोट्यवधी रुपये मिळतात. बाईच्या हातात पैसा नव्हता, मत नव्हतं. तांदळाचा डबा मात्र तिच्या ताब्यात होता. त्यातून तिनं एक अख्खी संस्था उभी करायला हात दिला. आणि विसावं शतक संपेपर्यंत त्या सिनडमध्ये एकाही बाईला पाळकपदाची दीक्षा मिळाली नाही. धर्मशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या बायका होत्या, तरीही. बचत गटांचं काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे चित्र नवं वाटणार नाही. गटाचा पैसा बायकांचा, आणि गावात तो कशाला वापरायचा हे ठरवणारे दुसरेच.

आता थोडं या मधल्या पायरीवरच्या प्रत्यक्ष जगण्याविषयी. अमेरिकेतल्या मुख्य प्रेसबिटेरियन चर्चमध्ये सोळा सिनड आणि दीडशेहून अधिक प्रेसबिटऱ्या आहेत. त्यांच्या कार्यकारी प्रमुखाला बिशपसारखा हुकूम सोडता येत नाही. सभा ठरवेल ते करायचं. रोजचं काम म्हणजे पाळक आणि मंडळी यांच्यातली भांडणं मिटवणं, पाळक सोडून गेलेल्या मंडळीला धीर देणं, दुसरा शोधून देणं, इमारतीच्या कर्जाचे कागद पाहणं, लैंगिक गैरवर्तनाची तक्रार आली तर चौकशी नियमानं होते आहे ना यावर डोळा ठेवणं. सभासद घटत चालल्यामुळे अलीकडे आणखी एक काम वाढलं आहे, चर्च बंद करण्याचं. शंभर वर्षांच्या मंडळीतली उरलेली वीस म्हातारी माणसं समोर बसलेली असतात आणि त्यांच्याशी इमारत विकण्याबद्दल बोलायचं असतं. समाजकार्याची पदवी घेताना आम्हाला 'केसवर्क' आणि 'सामुदायिक संघटन' असे दोन वेगळे विषय शिकवत. इथे ते एकाच माणसानं, पुष्कळदा अर्ध्या पगारावर, गाडी चालवत करायचे.

पूर्वी ही कामं मानाची होती. एका यशस्वी पाळकाच्या कारकिर्दीचा तो कळस असे. आता पैसा आटला, पदं अर्धवेळ झाली, कटकटी वाढल्या, आणि बायका तिथे दिसू लागल्या. माझा संशय असा, की हे दोन्ही एकदम होणं हा निव्वळ योगायोग नाही. प्राथमिक शिक्षकाचं काम बायकांकडे आलं तेव्हाही अशीच कुजबुज झाली होती. बाईला खुर्ची मिळते तेव्हा खुर्चीची किंमत उतरलेली असते, की बाई बसल्यामुळे किंमत उतरते? स्कॉटलंडमध्ये गेल्या काही वर्षांत चाळीसहून अधिक प्रेसबिटऱ्यांचं विलीनीकरण होऊन डझनभर मोठ्या प्रेसबिटऱ्या होत आहेत. काटकसर म्हणून ते बरोबरही असेल. पण सभा तीस मैलांवरून शंभर मैलांवर गेली की घरातलं आवरून येणारी वडीलबाई आधी गळते, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

केटी कॅनन यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जन्म १९५०, नॉर्थ कॅरोलायनातल्या कनापोलिस या गिरणीगावात, काळ्या-गोऱ्यांची वस्ती, शाळा, नळ सगळं वेगळं असण्याच्या काळात. २४ एप्रिल १९७४ रोजी कॅटाबा प्रेसबिटरीनं त्यांना दीक्षा दिली. त्यांच्या चर्चमधली पहिली आफ्रिकन-अमेरिकन बाई पाळक. कॅटाबा हा काळ्या मंडळ्यांचा टापू, तिथले निर्णय काळी माणसं घेत. म्हणजे ही वाट उघडली ती वरच्या महासभेच्या उदारपणामुळे नव्हे, तर मधल्या पायरीवर आपली माणसं होती म्हणून. कॅनन पुढे धर्मशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. घरकाम करणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या काळ्या बायकांनी रोजच्या जगण्यातून जी नीती घडवली तीच आपल्या विचाराचा पाया, असं त्यांनी मांडलं. २०१८ साली त्या गेल्या. दलित स्त्रीवादाची मांडणी करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी त्यांना जरूर वाचावं.

आमच्या गटात या विषयावर बोलणं निघालं तेव्हा एका मैत्रिणीचा आक्षेप होता, की मुळात धर्मसंस्थाच पुरुषांची. तिच्यात खुर्ची मागून काय मिळवायचं? बाहेर पडावं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पुण्यात बायका पौरोहित्य करतात त्याला दशकं झाली, पंढरपूरला २०१४ साली मंदिर समितीनं पुजारी म्हणून बायकांची नेमणूक केली, आणि तरी रोजच्या घरातल्या बाईचा सोवळं-ओवळं काही सुटलेला नाही. पण एक गोष्ट या आक्षेपात निसटते. धर्मसंस्था फक्त पूजा-प्रार्थना चालवत नाही. सरकार जेव्हा 'समाजाचं मत' विचारतं तेव्हा ते यांच्याच दारात जातं.

ख्रिस्ती बायकांच्या घटस्फोटाचा कायदा आठवून पाहा. १८६९ सालचा तो कायदा. नवऱ्याला घटस्फोट हवा तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला हवा तर नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा सोडून जाणं यांसारखं आणखी काही सिद्ध करावं लागे. आणि नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नाहीच. मार खाणाऱ्या बाईला वेगळं राहण्याची परवानगी, सुटका नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं यातली अन्यायाची कलमं मोडीत काढली आणि संसदेनं कायदा बदलला तो २००१ साली. मधल्या सगळ्या वर्षांत 'समाजात एकमत होऊ द्या' हे पालुपद ऐकू येत होतं. स्त्री संघटनांनी आणि काही चर्चच्या पुढाऱ्यांनी मिळून मसुदे तयार केले, हेही तितकंच खरं. पण ज्यांच्या एकमताची वाट पाहिली जात होती त्या बिशप, मॉडरेटर आणि सचिवांमध्ये बायका किती होत्या? मार खाणाऱ्या बाईनं चर्च सोडलं असतं तरी तो कायदा तिला सोडत नव्हता.

आपल्याकडच्या प्रेसबिटेरियन मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या आणि तिच्यातून १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. प्रेसबिटऱ्या गेल्या, धर्मप्रांत आणि बिशप आले. मधली पायरी मात्र आहेच, तिचं नाव बदललं. धर्मप्रांताची कौन्सिल, कार्यकारी समिती, मालमत्ता समिती. इंग्रजांच्या आणि मिशनच्या काळातल्या मोक्याच्या जागा, शाळा, हॉस्पिटलं यांचे निर्णय तिथे होतात. बाईला दीक्षा मिळाली, तिनं वेदीपाशी प्रभुभोजन दिलं, याचं कौतुक जरूर करावं. पण महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणून पदसिद्ध आलेल्या सोडून कौन्सिलमध्ये किती बाया आहेत? मालमत्ता समितीत एक तरी आहे का? नर्सेस होस्टेलची जागा विकायची का, हे ठरताना नर्सेसच्या बाजूनं कुणी बोलतं का? लैंगिक छळाची तक्रार आली तर ती ऐकायला समिती आहे का, आणि तिची अध्यक्ष कोण? ज्या मैत्रिणी मंडळ्यांमध्ये आहेत त्यांनी आपापल्या ठिकाणचं शेवटचं इतिवृत्त मागून पाहावं. मागितल्यावर मिळालं की नाही, तेही आम्हाला कळवावं.